ठिपका खरा की आकडा?

बसा, बसा. पंखा लागत नाही त्यांनी पुढे सरका. पत्रिकेत ‘ठाण्याची हवा किती गढूळ?’ असं छापलंय, तिथे येऊच. आधी हे खोकं बघा. साबणाच्या डबीएवढं. आत एक हिरवा एलईडी, मागे वीज मोजायचा मल्टिमीटर. वीज दिली की एलईडी उजेड देतो, हे सगळ्यांना माहीत. पण त्याच्यावर उजेड पाडला तर तो उलट थोडी वीज देतो, आणि तीही साधारण आपल्याच रंगाच्या उजेडाला. फॉरेस्ट मिम्स नावाचा टेक्सासचा हौशी माणूस 1990पासून असल्या यंत्रांनी ऊन मोजतोय. म्हटलं, आपण का नाही? सामान लॅमिंग्टन रोडला मिळालं, गच्ची सोसायटीची. गच्चीची किल्ली मिळवणं हे मात्र वेगळं व्याख्यान आहे. सेक्रेटरी दुसऱ्या रांगेत बसलेत म्हणून आज नाही देत.

खोक्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या दोन कोनपट्ट्या आहेत. पुढच्या पट्टीला भोक, मागच्या पट्टीवर खूण. भोकातून आलेला उन्हाचा ठिपका खुणेवर बसला की एलईडी नेमका सूर्याकडे बघतो, असा हिशेब. आपण सूर्याकडे बघायचं नाही, कधीच नाही, नजर ठिपक्यावर. आधी खोक्याची सावली लहानात लहान करायची, मग ठिपका शोधायचा. मेच्या मध्यावर दुपारी तीसुद्धा सोय जाते. सूर्य बरोबर डोक्यावर, सावली खोक्याच्या पोटाखाली. आणि ही वेळ बारा वाजता येत नाही बरं! प्रमाणवेळेची रेषा आपल्या साडेनऊ अंश पूर्वेला, म्हणून आपली खरी मध्यान्ह सरासरी 38 मिनिटं उशिरा.

तर मे महिना. पहिल्या दिवशी आकडा 1.71 व्होल्ट. आठवड्यानं 1.60. तिसऱ्या आठवड्यात 1.52. ऊन कमी पोचतंय, म्हणजे हवा मळतेय! तलावपाळीला फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला मी थांबवून सांगितलं, की घोडबंदरची बांधकामं, दुसरं काय! वर्तमानपत्राला पत्रही धाडलं. छापलं नाही. तेव्हा फार राग आला होता, आज त्या संपादकांचे उपकार मानतो.

आमच्या मजल्यावरच्या काकू गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘सर, हात केवढा थरथरतोय तुमचा! खुर्चीच्या पाठीला टेकवा की. आम्ही शेवग्याच्या शेंगा काढताना आकडी कठड्याला टेकवतोच ना?’’ एम.एस्सी. झालेला माणूस मी, गुपचूप खुर्ची ओढली. टेकवताना खोकं घसरलं, ठिपका खुणेच्या बाहेर गेला, आणि आकडा चढला: 1.70!

पुन्हा ठिपका खुणेवर आणला. 1.52. बाहेर, 1.70. काकू म्हणाल्या, ‘‘बिघडलं का?’’ पुढच्या पट्टीचा स्क्रू ढिला होता. पिशवीतून नेता-आणता ती रोज केसभर सरकत गेली होती. पट्ट्यांमधलं अंतर 12 सेंटिमीटर, म्हणजे 2 मिलिमीटर सरकलं की जवळपास 1 अंशाचा फरक. सूर्याचं बिंब अर्ध्याच अंशाचं! मी तीन आठवडे ठिपका इमानेइतबारे खुणेवर ठेवत होतो आणि एलईडी भलतीकडेच बघत होता.

म्हणून माझा हट्ट ऐका. खूण आधी काढायचीच नाही. निरभ्र आकाशात खोकं हळूहळू फिरवायचं, आकडा सर्वांत जास्त होईल तिथे थांबायचं, आणि ठिपका तेव्हा जिथे पडलाय तिथे खूण करायची. दुसरं, सरासरी काढू नका. आपल्याला सगळ्याची सरासरी काढायची खोड आहे, भिशीपासून परीक्षेपर्यंत. पण इथे चूक एकाच बाजूला होते. हात हलला तर ऊन कमीच मोजलं जातं, जास्त कधीच नाही. म्हणून वीस-तीस सेकंद बघा आणि सर्वांत मोठा आकडा लिहा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.

गढूळपणा भरभर सांगतो. एलईडी झाकून अंधारातला आकडा घ्या, तो वजा करा. खोकं उन्हात तापू देऊ नका, तापल्यानंही आकडा हलतो. सूर्य 30 अंशांवर असेल तर उजेड डोक्यावरच्या दुप्पट हवेतून येतो. सकाळभर नोंदी घ्या, आकड्याचा लॉग (लॉगॅरिथम) आणि उजेड जितक्या हवेतून येतो ती हवा यांचा आलेख काढा, रेघ शून्य हवेपर्यंत मागे न्या. वातावरण नसतंच तर किती आकडा आला असता ते कळतं. सॅम्युएल लँग्ली या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाची ही युक्ती. मात्र त्या सकाळी हवा बदलता कामा नये, आणि खाडीकाठी ती बदलतेच. त्यासाठी डोंगरावर जायचं. पुढे नुसती तुलना: सूर्य डोक्यावर असताना 10 टक्के ऊन कमी आलं की प्रकाशीय जाडी, म्हणजे हवा किती उजेड अडवते त्याचं माप, सुमारे 0.1नं वाढते. स्वच्छ दिवशी धुळीधुराची मिळून ही जाडी जेमतेम तेवढीच असते. म्हणजे माझ्या ढिल्या स्क्रूनं ठाण्यावर अख्खा एक दिवसाचा धूर सोडला होता!

ठाण्याचे आकडे राहिलेच. वही आणलीय, पण मेमधलं पान फाडलंय. प्रश्न खाली चहाच्या वेळी विचारा. रविवारी सकाळी आठला गच्चीवर या, खुर्ची मी आणतो. किल्लीचं तेवढं दुसऱ्या रांगेत विचारून घ्या.