आधी मार्केट, मग मसाला डोसा

श्रोतेहो, नमस्कार.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतलं एखादं मूल आज बेंगळुरूला नोकरीला असतं. साहजिकच आईवडिलांच्या तिकडे फेऱ्या सुरू होतात. उद्यान एक्स्प्रेस पुणे, सोलापूर करत दुसऱ्या दिवशी बेंगळुरूला पोचते आणि स्टेशनातून टॅक्सी थेट व्हाइटफील्डच्या नाहीतर इलेक्ट्रॉनिक सिटीच्या कुठल्यातरी उंच इमारतीत. मग दोन मॉल, एक दिवस म्हैसूर, बाकी जेवण मोबाइलवरून मागवलेलं, की झाला प्रवास. अशा पाहुण्यांसाठी, त्यातही शाकाहारी पाहुण्यांसाठी, मी आज बोलणार आहे. मुलांना सुट्टीच्या दिवशी झोपू द्या आणि तुम्ही भल्या पहाटे उठून मेट्रो पकडा. बेंगळुरूच्या हॉटेलात पाऊल टाकण्याआधी तिथल्या मंडईत जा. ताटात पुढं काय येणार आहे, ते आधी टोपलीत बघून घ्या.

असं का म्हणतो, ते सांगतो. आपल्याला वाटतं, साउथ इंडियन म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक उडुपी हॉटेल आहेच! उडुपीच्या किनाऱ्यावरची माणसं गेल्या शतकात पोटासाठी बाहेर पडली. काही मुंबईला माटुंग्यात उतरली, काही घाट चढून बेंगळुरूच्या पठारावर गेली. माणसं तीच, हातही तेच. पण मुंबईच्या गिऱ्हाइकानं त्यांच्याकडं पावभाजी मागितली, पंजाबी मागितलं, चायनीज मागितलं, आणि त्यांनी ते सगळं दिलं. बेंगळुरूत त्यांची गाठ पडली नाचणीशी, अवरेकाई नावाच्या शेंगेशी, लालभडक ब्याडगी मिरचीशी आणि ताटात हे सगळं असलंच पाहिजे अशा हट्टी गिऱ्हाइकाशी. म्हणून एकाच किनाऱ्यावरून निघालेली ही दोन स्वयंपाकघरं आज इतकी वेगळी झाली आहेत.

मेट्रोची हिरवी लाइन लक्षात ठेवा, तेवढी पुरे. मॅजेस्टिकला म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनाशी बसलात, की पहिलं स्टेशन चिक्कपेटे आणि दुसरं कृष्णराजेंद्र मार्केट. लोक त्याला के. आर. मार्केट किंवा नुसतं सिटी मार्केट म्हणतात. म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांचं नाव त्याला आहे आणि जुनी इमारत १९२८ सालची. आजूबाजूला चिखल आहे, हमालांची धावपळ आहे, डोक्यावर पोती घेतलेला माणूस तुम्ही पाहुणे आहात म्हणून थांबणार नाही. चांगल्या चपला घालून जाऊ नका.

आत शिरल्यावर आधी वरच्या मजल्यावर जा आणि कठड्यावरून खाली बघा. झेंडूचे ढीग, शेवंती, गुलाब, मोगरा, आणि आपल्या कोकणातली, गोव्यातली अबोली. तिकडं ती कनकांबरा. फोटो काढणाऱ्यांची तिथं गर्दी असते, पण मी म्हणतो, फोटो एक काढा आणि खाली उतरा, कारण खरी गंमत फुलांच्या पलीकडं आहे. पालेभाज्यांचे भारे बघा. शेपू, मेथी, राजगिऱ्याच्या जातीतले हिरवे-लाल माठ, आणि असे पाले की जे आपल्याकडं बांधावर उगवून वाळून जातात. सगळ्यांना मिळून सोप्पु म्हणतात. हा पाला डाळीबरोबर शिजवून, त्याचं पाणी काढून सार करायचं आणि उरलेल्याची कोरडी भाजी, ह्याला बस्सारु म्हणतात. एका भांड्यात दोन पदार्थ. त्याच्याबरोबर नाचणीचा मुद्दा, म्हणजे मुठीएवढा मऊ गोळा. तो चावायचा नसतो, तुकडा मोडून सारात बुडवून गिळायचा. पहिल्या घासाला आपण सगळेच बावचळतो.

थंडीत गेलात तर अवरेकाई चुकवू नका. आपल्या पावट्याचं कूळ. डिसेंबर-जानेवारीत बेंगळुरूजवळच्या मागडीकडच्या शेतांतून ह्या शेंगांची पोती येऊन पडतात. जाणती बाई शेंग विकत घेताना आधी हुंगून बघते. शेंगेला एक तेलकट, उग्र वास असतो, त्याला सोगडु म्हणतात, आणि तो बोटांना राहिला पाहिजे, नाहीतर शेंग परत टोपलीत. घरी नेऊन दाणे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर काढायचा. आपण डाळिंब्या सोलतो, तेच काम. सोललेले दाणे बाजारात तयारही मिळतात, पण भाव ऐकून घ्या आणि मग ठरवा, शेजारी बसून सोलणाऱ्या बाईच्या श्रमाचा तो भाव आहे.

मार्केटमधून बाहेर पडलात की पेठा सुरू होतात. केंपेगौडानं १५३७ साली हे गाव वसवलं ते ह्या पेठांभोवती. अक्कीपेटे तांदळाची, तरगुपेटे धान्याची, बळेपेटे बांगड्यांची, अरळेपेटे कापसाची. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेनं हे शहर घेतलं आणि शहाजीराजांना ते जहागीर मिळालं, तेव्हा ह्या गल्ल्यांत मराठी बोलणं घुमलेलं आहे, हे सहज जाता जाता. तरगुपेटेत ब्याडगी मिरची बघा. रंगाला भडक, तिखटाला सौम्य, सालीला सुरकुत्या. बेंगळुरूच्या डोशाला आतून लावतात त्या लाल चटणीचा रंग पुष्कळदा हिचाच असतो.

एवढं फिरून झालं की भूक लागलेली असते. आता हॉटेल.

बेंगळुरूची खरी करामत म्हणजे दर्शिनी. १९८३ साली जयनगरात कॅफे दर्शिनी सुरू झालं आणि तेव्हापासून ह्या जातीच्या हॉटेलांनी शहर व्यापून टाकलं. पद्धत सोपी. आधी गल्ल्यावर पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची, ती काउंटरवर ठेवायची, मिनिटाभरात बशी समोर येते. उंच गोल टेबलाशी उभं राहून खायचं आणि बशी टबात टाकून निघायचं. वेटर नाही, टीप नाही, खुर्ची अडवून बसणारं कुणी नाही. कंपनीतला साहेब आणि रिक्षावाला एकाच टेबलावर कोपर टेकतात. गुडघेदुखीवाल्यांना मात्र हा प्रकार जड जातो, आणि ज्येष्ठांसाठी चार स्टुलं ठेवायला मालकांचं काय जातं, हे मला अजून कळलेलं नाही.

मागायचं काय? चौचौ भात म्हणा. एका बशीत खाराभात म्हणजे आपलं उप्पीट, मसाला घातलेलं, आणि शेजारी केसरीभात म्हणजे शिरा. भात नावाला, तांदळाचा दाणा नाही. कॉफी हवी असेल आणि दोघं असाल तर ‘बाय टू’ म्हणा. एक कॉफी दोन पेल्यांत वाटून येते आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. दुपारी बारानंतर पुष्कळ ठिकाणी डोसा बंद होतो आणि जेवण सुरू होतं. संध्याकाळी पुन्हा तवा तापतो. हे वेळापत्रक मोडायला जाऊ नका, तवा तुमच्यासाठी तापणार नाही.

नाश्ता खऱ्या अर्थानं करायचा तर बसवनगुडीला चला. शंकरपुरात ब्राह्मिन्स कॉफी बार आहे, १९६५ पासूनचं. इडली, वडा, खाराभात, केसरीभात, चहा, कॉफी. संपली यादी. आणि सांबार नाही! फक्त खोबऱ्याची चटणी, हवी तितकी. सांबाराची वाटी मागणारा माणूस नवखा, हे तिथं लगेच ओळखू येतं. सांबाराखाली लपायला जागा नसली की इडली किती चांगली करावी लागते, ते तिथं समजतं.

गांधी बझारमधलं विद्यार्थी भवन १९४३ चं. आसपासच्या शाळांतल्या मुलांसाठी सुरू झालं म्हणून हे नाव. भिंतींवर कन्नड लेखकांची रेखाचित्रं लावलेली आहेत, पाहुण्याला हे आवडलंच पाहिजे. वेटर एका हातावर डोशांच्या बशांची उतरंड रचून येतो. डोसा जाडसर, बाहेरून कडक, आत लुसलुशीत. मुंबईच्या कागदी डोशाची सवय असलेल्याला हा वेगळाच पदार्थ वाटेल. रविवारी सकाळी दारात एवढी गर्दी असते की त्या वेळात गांधी बझारचा सगळा बाजार बघून व्हावा. म्हणून रविवारी जाऊच नये. शुक्रवारी सुट्टी असते, तीही लक्षात ठेवा. त्याच रस्त्यावर केळीची पानं, पूजेचं सामान, फळं मांडलेली असतात, आणि कॉफी दळून देणारी दुकानं आहेत. चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती मुळांची पूड, किती, ते आपण सांगायचं. आपल्याकडच्या दुधाळ कॉफीवर वाढलेल्यांनी एकदम बिनचिकोरीची घेऊ नये, घरी कुणी पीत नाही आणि डबा पडून राहतो.

मावळी टिफिन रूम, म्हणजे एमटीआर, लालबाग रस्त्यावर आहे. उडुपीजवळच्या गावाहून आलेल्या मय्या बंधूंनी १९२४ साली सुरू केलेलं, आजच्या जागेत १९६० पासून. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा रव्याची इडली तिथं जन्माला आली, असं एमटीआरवाले सांगतात. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ त्या काळात बंद झाला होता हे तर खरंच. काजू, कढीपत्ता, मोहरीची फोडणी दिलेली ही इडली बटाट्याच्या सागूबरोबर, म्हणजे पातळसर भाजीबरोबर, आणि तुपाच्या छोट्या वाटीबरोबर येते. तूप वर ओता, भीड बाळगू नका. पुढं आणीबाणीच्या काळात सरकारनं हॉटेलातल्या पदार्थांचे दर खाली आणायला लावले, तेव्हा दर्जा सांभाळणं परवडेना, आणि हे लोक तयार पिठांच्या धंद्यात जोरात उतरले. आज आपल्या वाण्याकडं जी एमटीआरची पाकिटं दिसतात, तो धंदा २००७ पासून नॉर्वेच्या ऑर्कला कंपनीचा आहे. हॉटेल मात्र मय्या कुटुंबाकडंच राहिलं. पाकीट आणि हॉटेल ह्यांतलं अंतर किती, ते तुमच्या जिभेला विचारा.

संध्याकाळ राखून ठेवा व्ही. व्ही. पुरमच्या तिंडी बीदीसाठी. नॅशनल कॉलेज स्टेशनला उतरून चालत सज्जनराव सर्कल गाठा. खाऊगल्लीच ही, फक्त शुद्ध शाकाहारी. पुरणपोळीसारखी होळिगे समोर तव्यावर भाजून तुपात बुडवून देतात, गुलकंद लोण्याबरोबर देतात, थंडीत अवरेबेळेचा, म्हणजे अवरेकाईच्या सोललेल्या दाण्यांचा, डोसा. इथल्या जुन्या बेकरीत मसाल्याचे शेंगदाणे मिळतात, त्यांना म्हणतात ‘काँग्रेस’! त्याच शेंगदाण्यांचा लोणी लावलेला बन हा माझ्या मते गल्लीतला सर्वांत चांगला पदार्थ. काडीला खोचलेला बटाट्याचा तळलेला सर्पिल जगातल्या कुठल्याही गल्लीत मिळतो, त्याच्यापायी पोटातली जागा वाया घालवू नका.

मल्लेश्वरम थोडक्यात आटोपतो, कारण त्याची भक्तमंडळी माझ्याहून मोठी आहेत. हिरव्या लाइनवर मॅजेस्टिकच्या दुसऱ्या बाजूला, संपिगे रोड स्टेशन. तिथल्या सीटीआर नावाच्या हॉटेलातला बेण्णे डोसा, म्हणजे लोण्याचा, आणि एट्थ क्रॉसचा बाजार. झालं.

मध्ये कुठं हिरव्या रंगाचं हॉपकॉम्सचं दुकान दिसलं तर थांबा. ही फळं आणि भाज्या पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था, १९५९ साली द्राक्षवाल्यांनी सुरू केलेली. तिथं मोसमात बेंगळुरू ब्लू नावाची काळी, उग्र वासाची द्राक्षं मिळतात. नाशिकच्या गोड, बिनबियांच्या द्राक्षांवर वाढलेल्या माणसाला ती आंबट लागतील, पण रस काढून बघा. वेलची केळीसुद्धा इथं घ्या. आणि कमी पैशांत लोक काय जेवतात हे बघायचं असेल तर इंदिरा कँटीन आहे. २०१७ मध्ये सुरू झालं तेव्हा नाश्ता ५ रुपये आणि जेवण १० रुपये असा दर होता.

शाकाहाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. पाटीवर ‘मिलिटरी हॉटेल’ लिहिलं असेल तर आत जाऊ नका. ते सैनिकांचं नाही, मटणाचं हॉटेल असतं. जयनगरातलं शिवाजी मिलिटरी हॉटेल फार प्रसिद्ध आहे, नाव बघून आपला माणूस उत्साहानं शिरतो, आणि समोर येते पानांच्या द्रोणातली बिर्याणी. सोबतचे मांसाहारी असतील तर त्यांना तिथं सोडा आणि तुम्ही पुढं चला.

पुढं म्हणजे कुठं? सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्यांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी इडलीचा कंटाळा येतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्यांनी उत्तर कर्नाटकी जेवण देणारी खानावळ शोधावी. ज्वारीची पातळ, कडक किंवा मऊ भाकरी, भरल्या वांग्याचं एण्णेगायी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, दही, कच्चा कांदा. तिथल्या वाढप्याशी हिंदीत अडखळण्यापेक्षा मराठीत बोलून बघा. तो विजापूरचा, बेळगावचा असला तर भाकरी एक जास्त येईल.

आणि जायचं कधी, असं विचाराल तर कार्तिकात जा. आपला आणि कर्नाटकाचा महिना एकाच दिवशी सुरू होतो, त्यामुळे घरातल्याच कॅलेंडरवर बघा. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या मोठ्या नंदीपुढं कडलेकाई परिषे भरते, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. इथं कधी काळी बैल शेतातल्या शेंगा खाऊन टाकायचा, म्हणून त्याच्यासाठी देऊळ बांधून पहिलं पीक त्याला वाहायचं ठरलं, अशी कथा सांगतात. भुईमूग मुळात दक्षिण अमेरिकेतला, पण नंदीला त्याचं काही नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग लागतात, कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या, लाल मोठ्या, बारीक गावठी. बाहेरगावचे, शेजारच्या राज्यांतले शेतकरीसुद्धा येऊन बसतात. सोमवारी दुपारनंतर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून रविवारी सकाळीच पोचा, नॅशनल कॉलेज स्टेशनवरून चालत. कापडी पिशवी बरोबर न्या, आणि घेण्याआधी दोन ढिगांवरच्या शेंगा फोडून चव बघा. विकणारे त्यासाठी आडकाठी करत नाहीत.

नमस्कार.