एकाच फाईलभोवती बसणारे डॉक्टर

(नाशिकमध्ये ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. अमायलॉइडोसिस हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी कार्यक्रमाच्या पत्रिकेवरच पहिल्यांदा वाचलं असेल. ज्यांनी आधी ऐकलं आहे, त्यांच्या घरात ते कुणाच्या तरी रिपोर्टवर आलेलं असणार. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

मी फिजिशियन आहे. निदान झालं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, यातले सगळ्यात मोठे डॉक्टर कोण?" मी त्यांना नाव सांगत नाही. हा आजार एका डॉक्टरच्या हाती सापडणारा नाही. त्यांनी शोधायचं असतं ते ठिकाण, जिथे रक्तविकारतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, किडनीचे डॉक्टर, न्यूरोचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकाच रुग्णाची फाईल एकमेकांशी बोलून बघतात.

आधी आजार थोडक्यात. शरीरातल्या एखाद्या प्रथिनाची घडी चुकते, त्याचे बारीक धागे होतात आणि ते न विरघळता अवयवांत साचत जातात. असं वागणारी चाळीसच्या आसपास प्रथिनं आजवर सापडली आहेत. निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबागायतदार मंडळी इथे आहेत, त्यांना हे लगेच कळेल. ठिबकच्या नळ्यांत क्षार बसतात. एका ओळीत वेल सुकते, दुसरीकडे पान पिवळं पडतं. म्हणून तुम्ही वेलीगणिक वेगळं औषध मारत बसत नाही. पाणी कुठल्या विहिरीचं आणि त्यात क्षार कोणता, ते तपासता. आमच्या क्षेत्रात मात्र वर्षानुवर्षं वेलीगणिक औषध मारणं चाललेलं असतं.

कसं, ते सांगतो. हा कुणी एक माणूस नाही, अनेकांची कहाणी मी एकत्र करून सांगतोय. सत्तरीचे गृहस्थ. काही वर्षांपूर्वी दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या येत होत्या, मनगटात दबलेली नस मोकळी करायचं, म्हणजे कार्पल टनेलचं ऑपरेशन झालं. मग कंबरेच्या मणक्यात नस दबली. मग दम लागायला लागला. इको केला, हृदयाची भिंत जाड आहे म्हणाले, बीपीमुळे असेल. पण त्यांचं बीपी तर आता खाली यायला लागलंय! पंधरा वर्षं घेतलेल्या गोळ्या बंद कराव्या लागल्या, घरच्यांना आनंद झाला. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, ती वयामुळे असेल म्हणून सोडून दिली. ऑपरेशन कॉलेज रोडला, इको मुंबई नाक्याला, मणका तिसरीकडे. प्रत्येक डॉक्टरने आपापलं काम नीट केलेलं असतं. सगळे कागद एका टेबलावर मात्र कुणीच मांडलेले नसतात.

हे नाशिकपुरतं आहे असं समजू नका. २०१५ साली ५३३ रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांचं एक आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यात ३७ टक्के लोकांना लक्षणं सुरू झाल्यावर निदान व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला होता, आणि जवळपास एक तृतीयांश लोकांना पाच किंवा त्याहून अधिक डॉक्टर पाहिल्यावरच नाव कळलं. दुसरं उदाहरण आमच्या सर्जन मित्रांनी लक्षात घ्यावं असं आहे. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकने कार्पल टनेलच्या ऑपरेशनच्या वेळी निघणारा ऊतीचा छोटा तुकडा तपासायला पाठवला. २०१८ साली आलेल्या त्या अहवालात ९८ रुग्णांपैकी १० जणांत अमायलॉइड सापडलं. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाचे दोन्ही हात दुखत असतील, तर ऑपरेशनआधी डॉक्टरांना एवढंच विचारा, "तुकडा काँगो रेडसाठी पाठवता का?" काँगो रेड हा रंग. तो लावून ध्रुवीकृत प्रकाशात पाहिलं की अमायलॉइड हिरवट चमकतं. पण तो रंग मुद्दाम सांगितल्याशिवाय बहुतेक ठिकाणी लावला जात नाही.

अमायलॉइड आहे हे कळलं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं काम म्हणजे प्रकार ओळखणं, आणि माझ्या मते खरा धोका इथेच आहे.

तीन प्रकार तुमच्या कानावर पडतील. पहिला एएल. यात अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशी बिघडून लाइट चेन नावाचं प्रथिन सोडतात. हा रक्तविकारतज्ज्ञांचा प्रांत. डॅराट्युमुमॅब, बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फमाइड, डेक्सामेथासोन ही औषधं, आणि निवडक रुग्णांत स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण. दुसरा एटीटीआर. यकृतात तयार होणारं ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन इथे गुन्हेगार असतं. तो कधी केवळ वयामुळे होतो, जास्त करून साठी-सत्तरीनंतरच्या पुरुषांत. कधी जनुकातून येतो, आणि तेव्हा हृदयाबरोबर नसाही बिघडवतो. यावर टॅफामिडिस हे औषध आहे, अमेरिकेत हृदयाच्या आजारासाठी त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली, आणि त्यानंतर आणखीही औषधं आली. तिसरा एए. शरीरात वर्षानुवर्षं धुमसणारा दाह किंवा संसर्ग, म्हणजे जुना टीबी, संधिवात, यातून तो होतो आणि किडनीवर जातो. टीबी आपल्या गावोगाव आहे, त्यामुळे हा प्रकार आपण विसरून चालणार नाही. तिथे मूळ रोग बरा करणं हाच मोठा उपचार.

आता बघा. एटीटीआरच्या रुग्णाला एएल समजून केमो दिली, तर नुकसान तेवढं होईल, फायदा शून्य. आणि ही चूक होणं सोपं आहे, कारण म्हाताऱ्या माणसाच्या रक्तात थोडंसं असामान्य प्रथिन असंच, निरुपद्रवीपणे, सापडतं. उलट एएलच्या रुग्णाचा पीवायपी स्कॅन, म्हणजे हृदयातला एटीटीआर शोधणारा स्कॅन, पॉझिटिव्ह आला म्हणून त्याला एटीटीआर ठरवून घरी पाठवलं, तर जीवच जाऊ शकतो. हृदयापर्यंत पोचलेला एएल महिन्यांच्या हिशोबाने पुढे सरकतो. पीवायपी स्कॅन उत्तमच आहे. २०१६ पासून त्याच्या आधारे काही रुग्णांत हृदयाच्या बायोप्सीशिवाय निदान करता येतं. पण अट अशी की रक्तातलं आणि लघवीतलं असामान्य प्रथिन पूर्ण तपासून ते नाही, हे आधी ठरलं पाहिजे. त्यासाठी तीन तपासण्या लागतात : सीरम फ्री लाइट चेन, रक्ताचं इम्युनोफिक्सेशन आणि लघवीचं इम्युनोफिक्सेशन. नुसतं इलेक्ट्रोफोरेसिस पुरत नाही. त्यात पुन्हा किडनी अधू असेल तर दोन प्रकारच्या लाइट चेनचं आपसातलं गुणोत्तर बदलतं, ते कसं वाचायचं हे अनुभवी माणसालाच कळतं. जिथे एएल आणि एटीटीआर दोन्हींचा पुरावा दिसतो, तिथे तुकडा काढून मास स्पेक्ट्रोमेट्रीने प्रथिन नेमकं कोणतं, हे ठरवतात.

म्हणून क्लिनिक शोधताना माझी पहिली कसोटी ही, की उपचार सुरू करायच्या आधी ते प्रकाराचा पुरावा मागतात का? "आधीच्या रिपोर्टवर लिहिलंय ना, चला सुरू करू," असं जिथे म्हणतात तिथे दुसरं मत घ्या. जिथे तुमचा जुना ब्लॉक मागवून पुन्हा तपासतात, तिथे विश्वास ठेवा, चार दिवस गेले तरी.

ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा. तो खोलीच्या तापमानाला टिकतो, कुरिअरने जातो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये अर्ज करा, सही करा आणि ब्लॉक व स्लाईड घ्या. दम लागणाऱ्या, पाय सुजलेल्या माणसाला हजार किलोमीटर नेण्याआधी त्याचा ब्लॉक न्या. प्रकार ठरवण्याचं पुष्कळसं काम त्या बोटभर मेणावर होतं. आणि बायोप्सी अजून व्हायचीच असेल, तर पोटावरच्या चरबीतून सुईने नमुना घेता येतो का, ते विचारा. जागा बधिर करून काही मिनिटांत होतं. एएलमध्ये हा नमुना आणि अस्थिमज्जा मिळून बहुतेकांचं निदान होतं. वयोमानाच्या एटीटीआरमध्ये मात्र चरबीत काही सापडलं नाही म्हणून आजार नाही, असं म्हणता येत नाही. एएलमध्ये रक्त गोठवणारा दहावा घटक कधी कधी कमी झालेला असतो, म्हणून यकृतासारख्या अवयवाला सुई लावण्याआधी टीमने विचार करायचा असतो.

टीम टीम म्हणतो मी, ती नक्की करते काय? रक्तविकारतज्ज्ञाला केमो द्यायची आहे, पण हृदय किती झेपेल हे हृदयरोगतज्ज्ञ सांगतो. हृदयरोगतज्ज्ञाला पाणी उतरवायचं आहे, पण औषध जास्त झालं तर किडनी बसते आणि रुग्ण उभा राहताच पडतो. ते किडनीच्या आणि न्यूरोच्या डॉक्टरांना दिसतं. हृदयाच्या नेहमीच्या काही गोळ्या, विशेषतः व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम, अमायलॉइड साचलेल्या हृदयाला मानवत नाहीत. डिगॉक्सिन जपून द्यावं लागतं. बाहेर कुणी सहज लिहून दिलेली चिठ्ठी इथे महागात पडते. हे सगळं प्रत्येकाने वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर लिहिलं, तर त्याची बेरीज करायची कुणी? रुग्णाच्या सुनेने?

परदेशातली मोठी केंद्रं म्हणजे लंडनचं नॅशनल अमायलॉइडोसिस सेंटर, बोस्टन विद्यापीठाचं केंद्र, रोचेस्टरचं मेयो क्लिनिक, इटलीतलं पाव्हिया, जर्मनीतलं हायडेलबर्ग. लंडनचं केंद्र रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये आहे, आणि त्यांची पद्धत मला आपल्यासाठी फार मोलाची वाटते. देशभरातून रुग्ण तिथे तपासणीला येतात, निदान होतं, उपचाराचा आराखडा ठरतो आणि औषध त्यांना आपापल्या गावच्या रुग्णालयात मिळतं. ठरावीक काळाने पुन्हा केंद्रात जायचं. हे नाशिकला जमण्यासारखं आहे. उपचारासाठी मुंबईत खोली भाड्याने घ्यायलाच हवी असं नाही.

आपल्याकडे "अमायलॉइडोसिस क्लिनिक" अशी पाटी शोधत बसू नका, विभाग शोधा. एएल असेल किंवा तसा संशय असेल, तर मायलोमाचे, म्हणजे प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाचे, रुग्ण रोज बघणारं आणि प्रत्यारोपणाची सोय असलेलं केंद्र हवं; टाटा मेमोरियलचं परळचं रुग्णालय आणि खारघरचं त्यांचंच अ‍ॅक्ट्रेक केंद्र आपल्याला सगळ्यात जवळ. हृदय, किडनी, नसा असं सगळंच गुंतलेलं असेल, तर जिथे सर्व विभाग एका आवारात आहेत अशी शिकवणारी संस्था बरी : परळचंच केईएम, किंवा पल्ला झेपत असेल तर वेल्लोरचं सीएमसी, चंदीगडचं पीजीआय, दिल्लीचं एम्स. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघालात तर दादरला उतरून परळ हाकेच्या अंतरावर आहे. टाटाच्या रुग्णांना दादरला गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेचा आधार असतो. गाडगेबाबांची धर्मशाळा म्हणजे काय, हे नाशिककरांना सांगायला नको.

अपॉइंटमेंट घेण्याआधी फोनवर किंवा ओपीडीच्या खिडकीवर विचारा. असे रुग्ण तुमच्याकडे नियमित येतात का? काँगो रेड आणि प्रकार ठरवण्याची तपासणी इथे होते की बाहेर पाठवता? हृदयरोग आणि रक्तविकार दोन्ही विभागांनी एकाच भेटीत बघायची सोय आहे का? आणि नाशिकच्या डॉक्टरांना लेखी आराखडा देणार का? शेवटच्या प्रश्नाला "हो" म्हणणारे लोक तुमच्या कामाचे. ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी हे हृदयावरचा ताण दाखवणारे रक्ताचे दोन रिपोर्ट वाढलेले असतील तर ते आधीच सांगा, तारीख महिन्याभराने देत असतील तर माझ्यासारख्या स्थानिक डॉक्टरला फोन करायला लावा. डॉक्टरने डॉक्टरला केलेल्या फोनने तारीख लवकरची मिळते.

पैशांचं बोलल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना महाराष्ट्रात कायद्याने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड निघण्यापूर्वीच फाईलला लावा, समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. दाखल झाल्यावर नाही, आधी.

एटीटीआर निघाला तर जनुकीय तपासणी करून घ्या, रुग्ण ऐंशीचा असला तरी. आनुवंशिक प्रकारात प्रत्येक अपत्याकडे तो दोष जाण्याची शक्यता निम्मी असते. मुलगी की मुलगा, फरक नाही. लग्न जमवण्यात अडचण येईल म्हणून ही तपासणी टाळणारी घरं मी पाहिली आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. नसा बिघडण्याआधी कळलं तर आता त्यावर औषधं आहेत, आपल्या आईवडिलांच्या वेळी ती नव्हती.

नाशिकला परतल्यावर एक डॉक्टर ठरवा, जो सगळ्यांच्या चिठ्ठ्या वाचेल. फॅमिली डॉक्टर असतील तर उत्तमच. घरी रोज सकाळी वजन, आणि बीपी आडवं असताना व उभं राहिल्यावर, असं वहीत लिहा. ती वही मुंबईच्या डॉक्टरांना इकोइतकीच कामाची असते. आणि फ्री लाइट चेनची तपासणी प्रत्येक वेळी एकाच लॅबमधून, एकाच पद्धतीने करा. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि औषध लागू पडतंय की नाही हे ठरतं त्याच आकड्यावर.

आता प्रश्न घेतो.