टेबलावरची बॅस्टिल

नमस्कार श्रोतेहो.

लेगोच्या ठोकळ्यांतून फ्रेंच राज्यक्रांती उभी करायची म्हटलं, की पहिल्यांदा आठवतं ते गिलोटिन. दोन उभे खांब, मधे तिरकं पातं, करायला सोपं. पण गिलोटिन पहिल्यांदा चाललं २५ एप्रिल १७९२ रोजी. तोवर क्रांतीला तीन वर्षं होत आली होती. मला आज बोलायचं आहे ते १४ जुलै १७८९ या दिवसाबद्दल, त्या दिवशी लोकांनी जिंकलेल्या पॅरिसच्या बॅस्टिल या तुरुंग-किल्ल्याबद्दल. सध्या माझ्या टेबलावर तोच उभा राहतो आहे.

आधी मापं बघू. लेगोचा माणूस साधारण चार सेंटीमीटर उंच असतो. खऱ्या माणसाशी ताडून पाहिलं तर हे प्रमाण एकास बेचाळीसच्या आसपास येतं. बॅस्टिलच्या भिंती सुमारे २४ मीटर उंच होत्या, म्हणजे टेबलावर साधारण ५७ सेंटीमीटर. एक ठोकळा ९.६ मिलिमीटर उंच, तेव्हा साठेक थर लागतात. एवढ्या उंच भिंतीपुढे चार सेंटीमीटरचा माणूस ठेवला, की त्या दिवशी खाली उभं राहणाऱ्याला मान किती मागे टाकावी लागली असेल ते नुसत्या नजरेनं कळतं. पुस्तकातल्या आकड्यानं ते मला कधी कळलं नव्हतं.

बुरूज आठ, आणि सगळे गोलाईचे. चौकोनी ठोकळ्यांतून गोलाई आणायची तर माथ्यावर दोन उंचवटे असलेला लांबट ठोकळा आणि एकच उंचवटा असलेला गोल ठोकळा असे आलटून पालटून लावत जायचं. अशी भिंत हलकेच वाकते. एक गोष्ट मात्र जपायला हवी. बॅस्टिलचे बुरूज आणि मधल्या भिंती एकाच उंचीच्या होत्या. चित्र अधिक देखणं दिसावं म्हणून बुरूज उंच काढण्याचा मोह होतो, तो टाळायचा. रंग राखाडी. २००४च्या सुमाराला लेगोनं आपल्या राखाडी रंगाची छटा बदलली, त्यामुळे जुने आणि नवे ठोकळे शेजारी ठेवले तर फरक दिसतो. तो दिसू द्यावा. चौदाव्या शतकातला किल्ला आहे, त्याचे दगड एकसारखे असतील कसे?

आता माणसं. आपल्याकडे दिवाळीत अंगणात किल्ला करतात, तेव्हा आपली माणसं किल्ल्याच्या आत असतात. महाराज सिंहासनावर, मावळे बुरुजांवर. बॅस्टिल करताना हे सगळं उलटं होतं. इथे ज्यांची गोष्ट आहे ती माणसं तटाच्या बाहेर आहेत. म्हणून माझं ठाम मत आहे, की किल्ल्यावर जेवढी मेहनत घ्याल त्याच्या दुप्पट मेहनत बाहेरच्या गर्दीवर घ्या. लाल टोप्यांची एकसारखी माणसं ओळीनं मांडू नका. बॅस्टिल जिंकणाऱ्यांची अधिकृत यादी नंतर तयार झाली, तीत नऊशेहून अधिक नावं आहेत. बरेचजण शेजारच्या फोबूर सँ-आंत्वान या कारागिरांच्या वस्तीतले. सुतार, कपाटं-टेबलं करणारे, कुलपं करणारे, चांभार, दारूचे दुकानदार. यादीत एक धोबीण आहे. तेव्हा एकाच्या हातात रंधा हवा, दुसऱ्याच्या अंगावर चामड्याचा एप्रन हवा. आणि ती धोबीण हवीच.

ही माणसं तिथे का आली, तेही दिसायला हवं. राजानं ११ जुलैला नेकेर या लोकप्रिय मंत्र्याला काढून टाकलं होतं, शहराभोवती फौजा जमत होत्या, आणि पाव कमालीचा महाग झाला होता. चौदा तारखेला सकाळी लोकांनी आंवालीद या निवृत्त सैनिकांच्या निवासातून हजारो बंदुका उचलल्या. पण बंदुकांना दारू नव्हती. ती होती बॅस्टिलमध्ये, २५० पिंपं. कैदी सोडवायला लोक गेले असं आपण ऐकत आलो, पण आत कैदी होते फक्त सात. त्यातले चार बनावट कागद करणारे, दोन वेडसर, एक घरच्यांनीच डांबून ठेवलेला सरदार. म्हणून मी मागची भिंत उघडी ठेवतो आहे. ती पिंपं आणि ते सातजण दोन्ही दिसले पाहिजेत.

झेंड्यांचंही सांगतो. निळा-पांढरा-लाल तिरंगा या देखाव्यात लावू नये. त्या दिवशी लोकांच्या टोपीवर पॅरिस शहराचे निळा आणि लाल असे दोनच रंग होते. मधला पांढरा काही दिवसांनी आला.

सगळ्यात अवघड प्रश्न, घड्याळ कुठे थांबवायचं? बहुतेकजण विजयाचा क्षण घेतील. मी संध्याकाळी पाचच्या सुमाराचा घेतला. फुटून लोकांना मिळालेल्या शिपायांनी आणलेल्या तोफा दरवाजासमोर उभ्या आहेत. आतून किल्लेदार द लोनेनं दाराच्या फटीतून एक चिठ्ठी पुढे केली आहे. शरणागतीच्या अटी मान्य करा, नाहीतर दारूच्या कोठाराला आग लावून सगळा परिसर उडवून देईन. मधे खंदक. लोकांनी त्यावर फळी टाकली. पहिला माणूस घसरून खंदकात पडला, दुसऱ्यानं चिठ्ठी आणली. त्या फळीवर माणूस असताना पुढे काय होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. क्रांती मला तिथे दिसते.

त्या दिवशी बाहेरच्यांपैकी ९८ जण गेले, लढाई चालू असताना आतला फक्त एक. शरणागतीनंतर द लोनेला जमावानं रस्त्यात ठार केलं आणि त्याचं शीर भाल्यावर मिरवलं. लेगोच्या माणसाचं डोकं सहज निघतं, त्यामुळे हा प्रसंग खेळण्यात फार हलका होऊन बसतो. मी तो मांडत नाही. पण देखावा बघायला मुलं आली की सांगतो, पुढे असं घडलं, आणि तेही याच लोकांनी केलं.

खुद्द क्रांतीच्या काळातही बॅस्टिलच्या प्रतिकृती झाल्या, हे मला फार आवडतं. पालुआ नावाच्या ठेकेदारानं किल्ला पाडायचं काम हाती घेतलं आणि त्याच दगडांतून किल्ल्याच्या छोट्या प्रतिकृती कोरून घेतल्या. फ्रान्सच्या ८३ जिल्ह्यांना एकेक पाठवली. उरलेले कितीतरी दगड सेन नदीवरच्या काँकॉर्द पुलात गेले. तो पूल १७९१ मध्ये पुरा झाला, आजही त्यावरून वाहतूक चालते.

तुम्ही बॅस्टिल बांधलीत, तर ती जन्मभर कपाटात ठेवू नका. चार लोकांना दाखवून झाली की मुलांना बोलवा, वरच्या थरापासून उतरवायला लागा, आणि त्याच राखाडी ठोकळ्यांतून तो पूल बांधा. कमानी पाच आहेत.

नमस्कार.