संध्याकाळी सात वाजता जायचं कुठे?

मंडळी, दारू सोडायचा निश्चय बहुधा सकाळी होतो आणि संध्याकाळी सातला मोडतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या या गटांच्या, बऱ्याच बैठका संध्याकाळीच भरतात. लोक कामावरून सुटतात तेव्हा, हे साधं कारण. पण त्यामुळे पाय तावेर्नकडे, म्हणजे आपल्या गोव्यातल्या दारूच्या गुत्त्याकडे, वळण्याची नेमकी वेळ दुसरीकडे जाते, आणि माझ्या मते अर्धा गुण तिथेच येतो.

बैठक शोधण्याआधी मात्र एक गोष्ट बघायची. सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि घोट घेतल्यावर थांबतात, असं असेल तर घरच्या घरी एकदम दारू बंद करू नका. शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम होणं, नसलेलं दिसणं सुरू होऊ शकतं; त्यात जीवही जातो. अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्या. बांबोळीला मनोरुग्णालय आहे, आयपीएचबी, तिथे नेता येतं. बैठक म्हणजे दवाखाना नव्हे. उलट, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बैठकीत कुणी ‘सोडून दे’ म्हणालं तर त्याचं ऐकू नका. तो सल्ला देणं ग्रुपचं कामच नाही.

आता शोधायचं कसं? एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर बैठकांची माहिती मिळते, पण तेवढ्यावर विसंबून बस धरू नका. सभागृह बदलतं, वार बदलतो, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत बैठक पुढे-मागे होते. आधी फोन करून चार गोष्टी विचारा: वार आणि वेळ तीच आहे का, भाषा कोणती, बैठक खुली की बंद, आणि दार कुठल्या बाजूला. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण शाळेच्या आवारात अंधारात दहा मिनिटं फिरून माणसं परत जातात. एएचा नंबरच हाताशी नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस 14416.

खुल्या बैठकीला बायको, भाऊ, कुणीही येऊ शकतं. बंद बैठक फक्त ज्याला स्वतःला प्यायचं थांबवायचं आहे त्याच्यासाठी. बायको नवऱ्याला धरून बंद बैठकीला आणते आणि दारातच अडचण होते, हे टाळा. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा ग्रुप असतो. नवरा जात नसला तरी बायकोने तिथे जावं. त्याची परवानगी लागत नाही.

भाषेचं म्हणाल तर गोव्यात बैठक इंग्रजीत किंवा कोंकणीत मिळण्याचा संभव जास्त. पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या मराठी वाचणाऱ्याला कोंकणी समजतेच. बोलायची पाळी आली तर मराठीत बोला, कुणी अडवत नाही. जागा चर्चच्या हॉलची असली तरी ग्रुप चर्चचा नसतो. एएच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्यांत आपल्याहून मोठ्या शक्तीचा, देवाचा उल्लेख येतो, पण ‘आपल्याला समजेल तसा’ असा. म्हाळसा माना, शांतादुर्गा माना, नाहीतर ग्रुपलाच ती शक्ती माना.

गोवा लहान, आपल्याच वाड्यावरचा माणूस समोरच्या खुर्चीवर दिसेल ही भीती खरी आहे. पण तोही त्याच कामाला आलेला असतो. तरीही जमत नसेल तर सुरुवातीला शेजारच्या तालुक्यातली बैठक गाठा.

आत गेल्यावर साधारण तास-दीड तास. नाव विचारतील, पहिलंच पुरे, आडनाव नको. बोलायची सक्ती नसते, ‘आज ऐकतो’ म्हटलं की झालं. फी नाही, पिशवी फिरते, नवख्याने काही टाकलं नाही तरी चालतं. पिऊन आलात तर बहुधा बसू देतात, बोलू देत नाहीत. सभासद व्हायची अट एकच, दारू थांबवायची इच्छा.

सगळ्यात जास्त माणसं गळतात ती पहिल्या बैठकीनंतर. समोरचा नोकरी, घर, सगळं गमावल्याचं सांगतो आणि ऐकणारा मनात म्हणतो, मी काही एवढा बेबदो, एवढा दारुडा नाही. अशी तुलना करायला बसलात तर घरी घेऊन जायला काहीच उरत नाही. त्याने पहिला पेला कसा टाळला, तेवढं उचला. एका बैठकीवरून ग्रुप जोखू नका. दोन-तीन ग्रुपना मिळून निदान सहा बैठका तरी बसा. जुने लोक नव्वद दिवसांत नव्वद बैठका सांगतात. गोव्याच्या गावातून रोज जाणं कठीणच. मग ऑनलाइन बैठका मध्ये घाला. उर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, हंगाम, कार्निव्हल, गावची जत्रा या दिवसांत खाडा करू नका. आणि घरच्यांनी ‘आज तिथे काय बोललास?’ हे विचारू नये.

शेवटी परतीचं. बैठक संपली की लगेच उठू नका, चहाला थांबा. पाच-सहा जणांचे फोन नंबर तिथेच मिळतात, पुढे स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सभासदही तिथेच सापडतो. पुरुषाने पुरुष, बाईने बाई, आणि निदान वर्षभर न प्यालेला माणूस धरावा. परतीची वाट पुन्हा तावेर्नवरूनच जाते आणि रात्री बसही लवकर संपतात. म्हणून पहिल्याच फोनवर पत्त्याबरोबर हेही विचारून ठेवा: आमच्या बाजूला गाडीने कोण जातं?