देह हरवलेल्या माणसाच्या कादंबऱ्या

नमस्कार, श्रोतेहो.

प्रयोगशाळेतल्या टेबलावर एक माणसाचं डोकं ठेवलेलं आहे. धड नाही. नळ्यांमधून द्रव खेळतोय, डोळे उघडे आहेत, विचार चालू आहे. एके दिवशी कुठूनसा एक मोठा काळा भुंगा खोलीत शिरतो, टेबलावर उतरतो आणि त्या डोक्याकडे सरकू लागतो. ते डोकं एका मोठ्या शास्त्रज्ञाचं. पण भुंगा झटकायला त्याच्यापाशी हात नाही.

‘प्रोफेसर डोवेलचं डोकं’ या रशियन कादंबरीतला हा प्रसंग. लेखक अलेक्सांद्र बेल्यायेव. आधी १९२५ मध्ये ही कथा होती, १९३७ मध्ये तिची कादंबरी झाली. वरवर ही भयकथा वाटते. मला मात्र ती एका आजारी माणसाची कैफियत वाटते, आणि तशी ती आहेच.

बेल्यायेव यांचा जन्म १८८४ चा, स्मोलेन्स्क शहरातला. वडील धर्मगुरू, म्हणून मुलाला धर्मशिक्षणाच्या शाळेत घातलं. मुलगा तिथून नास्तिक होऊन बाहेर पडला. पुढे कायदा शिकून वकिली केली. १९१३ मध्ये इटलीला गेले, तेव्हा व्हेसुव्हियस ज्वालामुखीही चढून आले. पायांत असं बळ होतं! आणि त्यानंतर काही वर्षांतच मणक्याच्या क्षयानं त्यांना गाठलं. कमरेखालचं अंग लुळं पडलं. पत्नी सोडून गेली. आईनं त्यांना काळ्या समुद्राकाठी, याल्टाला नेलं. तिथे साडेतीन वर्षं प्लॅस्टरमध्ये! १९१९ मध्ये ती आईही गेली, तेव्हा मुलगा अंथरुणालाच खिळलेला होता.

डोवेलची गोष्ट बव्हंशी आपलीच आहे, हे बेल्यायेव यांनी स्वतः लिहून ठेवलंय. हात हलत होते, पण जगणं बिनधडाच्या डोक्याचंच होतं. म्हणूनच त्यांचा डोवेल असं काही बोलतो की वाचता वाचता थांबावं लागतं. तो म्हणतो, जिवंतपणी वाटायचं की मी फक्त विचारांवर जगतोय. देह गेला तेव्हा कळलं की सगळं जगच गेलं. नुसता एक दगड हातात घेण्याचं सुख त्याला आठवत राहतं.

१९२२ च्या सुमारास ते पुन्हा उभे राहिले, पाठीला आधाराचा पट्टा बांधून. मग मॉस्को, नोकरी, नवा संसार आणि भराभर लेखन. १९२८ ची ‘उभयचर माणूस’ सर्वांत गाजली. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावरचा इख्थियांडर. डॉक्टर साल्व्हातोर एका मरणाऱ्या मुलाला शार्कचे कल्ले बसवतात आणि तो समुद्रात माशासारखा वावरू लागतो. मोती काढणाऱ्यांचा मालक त्याला राबवायला टपलेला, धर्माधिकारी खटला भरायला निघालेले. शेवटी तर त्याचं जमिनीवर जगणंच संपतं. या कादंबरीवरचा चित्रपट १९६२ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा सोव्हिएत संघात कोट्यवधी लोकांनी तो पाहिला. त्यातली पाण्याखालची दृश्यं क्राइमियाच्या किनाऱ्यावर घेतली होती. याल्टाही त्याच किनाऱ्यावर आहे.

आता आपल्याला जवळची गोष्ट. १९४१ मध्ये आलेली ‘एरियल’ सुरू होते मद्रासजवळच्या एका गूढ शाळेत. एका इंग्रज पोराला तिथला शास्त्रज्ञ उडण्याची शक्ती देतो; विमान नको, पंख नकोत, मनात आलं की उंच! तो पळून जातो तेव्हा सोबत एका लहान मित्राला घेतो. त्या मुलाचं नाव शरद. बेल्यायेव यांनी भारत पाहिलेला नव्हता, आणि त्यातले राजे-फकीर पुस्तकातून उचललेले आहेत, हे जाणवतं. पण एरियलला शेवटी इंग्लंडमधली श्रीमंती रुचत नाही, तो शरदकडे आणि अस्पृश्य लोलिताच्या झोपडीकडे परततो, तिथे लेखकाचं मन कुठे होतं हे दिसतं.

‘एरियल’ आली त्याच वर्षी जर्मन फौजा लेनिनग्राडजवळच्या पुश्किन गावात शिरल्या. बेल्यायेव तिथेच राहत होते. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे गाव सोडता आलं नव्हतं. बाहेर हिवाळा, घरात अन्न नाही. ६ जानेवारी १९४२ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, ते उपासमारीनं गेले. पुश्किनच्या दफनभूमीत त्यांच्या नावाची शिळा उभी आहे. तिच्याखाली तेच आहेत का, हे कुणालाच ठाऊक नाही.