शंभर किलोमीटरला किती लिटर?

(विज्ञान शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, इंधनबचत हा विषय आपल्या शाळांमध्ये भिंतीवरच्या तक्त्यात अडकून पडला आहे. टायरची हवा तपासा, सिग्नलला इंजिन बंद करा, वेग आवरा. सगळं खरं आहे. पण मुलं त्या सूचना पाठ करतात, निबंधात लिहितात आणि विसरतात. माझा आग्रह असा आहे की आधी हिशेब शिकवावा. तोही आपण रोज करतो त्याच्या उलट बाजूने.

फळ्यावर एक उदाहरण लिहा. एका घरात पेट्रोलवर चालणारी जुनी व्हॅन आहे, ती लिटरला १० किलोमीटर जाते. मोटारसायकल आहे, ती ५० जाते. दोन्ही महिन्याला हजार किलोमीटर धावतात. घरात एकच गाडी बदलण्याइतके पैसे आहेत. व्हॅनच्या जागी १२ अ‍ॅव्हरेज देणारी घ्यायची, की मोटारसायकलच्या जागी ७५ देणारी? वर्ग एका सुरात मोटारसायकल म्हणतो. २५ किलोमीटरची वाढ कुठे आणि २ ची कुठे!

आता लिटर मोजायला सांगा. मोटारसायकलला आधी २० लिटर लागत होते, आता १३.३ लागतील. वाचले ६.७. व्हॅनला १०० लागत होते, आता ८३.३ लागतील. वाचले १६.७. वर्ग गप्प होतो आणि मग वहीत पुन्हा आकडेमोड सुरू होते. त्या पाच मिनिटांत घाई करू नका, मुलांना स्वतः पटू द्या.

ही फसगत फक्त मुलांची होत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात नेमकं हेच दाखवून दिलं. मोठी माणसंही अ‍ॅव्हरेजच्या आकड्यातला फरक सरळ वजा करतात आणि त्यालाच बचत समजतात. पुढे २०१३ च्या मॉडेलपासून तिथल्या नव्या गाड्यांच्या लेबलवर शंभर मैलांना किती गॅलन लागतात तेही छापलं जाऊ लागलं. युरोपातल्या बहुतेक देशांत तर शंभर किलोमीटरला किती लिटर असंच मोजतात. आपल्या मुलांनी आठवीत व्यस्त चलन शिकलेलं असतं. त्याच्या आलेखाला इतकं जिवंत उदाहरण दुसरं मला सापडलेलं नाही. अ‍ॅव्हरेज आडव्या अक्षावर, लिटर उभ्यावर. वक्र आधी कड्यासारखा कोसळतो आणि मग जवळजवळ सपाट होतो. बचत कड्यापाशी आहे.

मग मुलं हमखास विचारतात, “सर, जाहिरातीत लिहिलेलं अ‍ॅव्हरेज आमच्या गाडीला का मिळत नाही?” हा प्रश्न टाळू नका. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था आहे. अशा संस्थांत गाडीची चाकं रोलरवर ठेवतात आणि ठरलेल्या क्रमाने वेग वाढवत-कमी करत ती चालवतात. तिथे खड्डे नाहीत, चढ नाही, मागे बसलेलं कुणी नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला, आपल्या रस्त्याचं भाकीत करायला नव्हे. आणि गंमत अशी की मोटारीच्या चाचणीत इंधनाचा खर्च धुरातून काढता येतो. इंधनातला कार्बन कुठे नाहीसा होत नाही, म्हणून धुरातला कार्बन मोजला की जळालेलं इंधन कळतं. द्रव्य अक्षय्यतेचा नियम इथे कामाला लागलेला दिसतो. याच ओघात सांगा की एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, पण ते जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मुलांचा विश्वास बसत नाही. १२ ग्रॅम कार्बनला हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन जोडला जातो, हे समीकरण मांडलं की बसतो.

आता ब्रेक. नववीतलं गतिज ऊर्जेचं सूत्र घ्या. मोटारसायकल आणि चालवणारा मिळून १८० किलो, वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. उत्तर येतं सुमारे २० हजार जूल. ब्रेक दाबून गाडी थांबवली की ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि पुन्हा तोच वेग गाठायला तेवढीच लागते. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३ कोटी जूल धरा, त्यातला चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो असं माना. एका थांबण्याची किंमत अडीच-तीन मिलिलिटर निघते, म्हणजे अर्धा चमचा. असं साडेतीनशे-चारशे वेळा थांबलात की एक लिटर गेलं. “समोर पाहून आधीच वेग कमी करा” ही तक्त्यावरची सूचना आता मुलाने स्वतः सिद्ध केलेली असते.

प्रत्यक्ष मोजणीबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. या वयातल्या मुलांच्या हातात गाडी द्यायची नाही आणि पेट्रोलची बाटली तर मुळीच नाही. बाटली टांगून अ‍ॅव्हरेज काढण्याची गॅरेजमधली पद्धत वर्गात आणू नका. घरच्यांनी टाकी फुल्ल करावी, मीटरचा आकडा लिहावा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करावी. मुलांनी फक्त नोंदवही सांभाळायची. टाकी भरताना १०० मिलिलिटरची चूक झाली, तर एका लिटरच्या मोजणीत ती १० टक्के असते, पाच लिटरच्या मोजणीत २ टक्के. मोजमापातली चूक शिकवायला याहून सोपी जागा नाही.

प्रयोग करायचा तो सायकलवर. मैदानाच्या उतारावरून तीच मुलगी, तीच सायकल, पायडल न मारता सोडायची. थांबेल तिथे खडूने खूण. मग चाकातली हवा थोडी कमी करून पुन्हा. दोन्ही वेळा तीन-तीन फेऱ्या. वाऱ्याची दिशा बदलली तर तेही लिहायचं.

एसटी शेवटी ठेवा. डिझेलची बस लिटरला साडेचार किलोमीटर गेली, तर मुलं तिला वाईट ठरवतात. मग विचारा, आत माणसं किती? ४५ धरली तर माणशी हिशेबाने लिटरला दोनशेहून जास्त किलोमीटर झाले. एकटा माणूस बसलेली ५० अ‍ॅव्हरेजची मोटारसायकल ५० वरच राहते. डिझेलच्या लिटरमध्ये ऊर्जा थोडी जास्त असते, ती वजा केली तरी उत्तर बदलत नाही. पण बसमध्ये सहाच माणसं असतील तर? २७. म्हणून मुलांना सकाळच्या आणि दुपारच्या गाडीतली माणसं मोजून आणायला सांगा. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा आणि पुढचा तास त्यांच्या हाती सोडा.