ठाणं नॉर्वेला गेलं तेव्हा

मंडळी, स्टेशनवरून येताना तलावपाळीला पाच मिनिटं थांबलो. आजच्या गोष्टीत हा मासुंदा तलाव आहे. माझ्या एका स्क्रिप्टने त्याच्यासकट ठाण्यातले सगळे तलाव एकदा नॉर्वेच्या उत्तरेला, भर समुद्रात नेऊन ठेवले होते.

स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, पायथन या संगणकीय भाषेच्या २.७ आवृत्तीतली. तलावांच्या नोंदी वाचायच्या, अक्षांश-रेखांशांवरून बिंदू टाकायचे, ते मीटरमध्ये आणायचे, ५०० मीटरच्या चौकटींत मोजदाद करायची आणि तक्ता छापायचा, एवढंच तिचं काम. पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर तर २०१८ मध्येच पायथन ३ वर गेलं. तरी माझी स्क्रिप्ट एका जुन्या लॅपटॉपवर सुखाने चालत होती, आणि चालतंय तोवर हात लावू नये हा आपला खाक्या. शेवटी लॅपटॉपनेच मान टाकली.

छापायच्या ‘प्रिंट’ आज्ञेला कंस नव्हते, म्हणून नव्या लॅपटॉपवरचं पायथन ३ पहिल्याच ओळीला अडलं. अशा चुका अर्ध्या तासात निस्तरतात, कारण त्या बोंब मारतात. मला छळलं ते मुक्या चुकांनी.

भागाकार घ्या. ठाण्याजवळचे दोन बिंदू, एकाचा पूर्व-अंक (पूर्वेकडचं मीटरमधलं अंतर) २८६७५०, दुसऱ्याचा २८६९००. ५०० ने भागले की पायथन २ अपूर्णांक टाकून दोघांनाही ५७३ द्यायचं. म्हणजे उभी पट्टी एकच. पायथन ३ एकाला ५७३.५ देतं, दुसऱ्याला ५७३.८. प्रत्येक तलाव आपापल्या चौकटीत एकटा! मोजदाद सगळीकडे १, आणि एररचं नाव नाही. भागाकाराच्या एका स्लॅशच्या जागी दोन दिल्यावर गाडी रुळावर आली.

नॉर्वेचं प्रकरण वेगळं. त्यात पायथनचा दोष नव्हताच. नव्या पायथनबरोबर जीडाल ३ हे नकाशांची माहिती हाताळणारं साधन आलं. २०१९ च्या या आवृत्तीपासून ईपीएसजी ४३२६ (अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीचा क्रमांक) म्हटलं की आधी अक्षांश, मग रेखांश असा क्रम ते धरतं. माझी स्क्रिप्ट जुन्या वळणाची, रेखांश आधी देणारी. ठाण्याचा रेखांश साधारण ७२.९७, अक्षांश १९.२. उलटे वाचा आणि ॲटलास उघडा: ७३ उत्तर, १९ पूर्व. थंडगार पाणी! पारंपरिक क्रम धर, असं एका ओळीत सांगावं लागतं. पायप्रोज या पायथनमधल्या तशाच साधनातही त्यासाठी ‘ऑलवेज एक्सवाय’ आहे.

मग जुन्या लॅपटॉपवर छापलेला शेवटचा तक्ता शोधला आणि ओळीला ओळ लावली. आकडे तंतोतंत जुळले. नावं मात्र जुळेनात. जुन्या स्क्रिप्टमध्ये मीच कधीतरी नाव २० वर कापलं होतं, रकान्यात मावावं म्हणून. पायथन २ ते २० बाइट (साठवणुकीची एककं) धरायचं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक मात्रा ३ बाइटची. कचराळी १८ बाइट, ते वाचलं. आंबे घोसाळे ‘आंबे घो’वर तुटलेलं. मासुंदा २१ बाइट, म्हणून शेवटचा काना गेलेला आणि त्या जागी एक चौकोन. पायथन ३ अक्षरं मोजतं, त्यामुळे नव्या तक्त्यात नावं पूर्ण आली होती.

म्हणजे इतकी वर्षं ‘मासुंद’ छापून जात होतं. प्रत्येक प्रत मी स्वतः तपासून सही केलेली.